घेणं जायज, मग देणं?

दिघीतल्या माझ्या ओळखीच्या एका मुलाचा गुडघा आळंदी रस्त्यावर मोटारसायकल घसरून फुटला. वय सत्तावीस, भोसरी एमआयडीसीत दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं काम. मोडलेलं हाड जुळलं, पण सांध्यावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, एका जागी खालच्या हाडासकट उखडली होती. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती आपोआप भरून येत नाही. कृत्रिम गुडघा झिजतो, म्हणून इतक्या लहान वयात तो बसवायला डॉक्टर कचरतात. एक पर्याय दात्याचा: मृत व्यक्तीच्या गुडघ्यातला कूर्चा आणि हाडाचा तुकडा तिथे बसवायचा.

त्याच्या अम्मीने विचारलं, "मय्यतीचं हाड? आपल्यात चालतं का?"

प्रश्न अडाणीपणाचा नाही. औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'त इमाम मुहंमद यांचं मत नोंदलेलं आहे: मेंढी, गाय, उंट, घोडा यांचं हाड औषधाला चालेल, डुकराचं आणि माणसाचं नाही. माणसाचं नाही, कारण माणसाची प्रतिष्ठा. मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, अशी हदीसही आहे. पण 1988 साली जेद्दाच्या फिकह अकादमीने संमती असेल तर मृताचे अवयव घ्यायला परवानगी दिली. भारतातल्या फिकह अकादमीने मात्र मरणोत्तर अवयवदानाची वसीयत मानली नाही. माझ्या मते ती हदीस विटंबनेविरुद्धची ताकीद आहे. संमतीने आणि अदबीने काढलेल्या हाडाला ती लावणं मला पटत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. "घेणं जायज आहे का?" हे विचारायला लोक मौलानांकडे जातात. "देणं जायज आहे का?" हे विचारायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि द्यायला दरवेळी मरावंही लागत नाही. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोल माथा कापून काढतात. एरवी तो कचऱ्यात जातो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतीपेढी आहे. अशा पेढीत दान केलेलं हाड तपासून, स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत. ते मांडवासारखं उभं राहतं आणि रुग्णाचं स्वतःचं हाड त्यावर वाढतं. इथे ना मय्यत, ना दफनाला उशीर.

त्या मुलाला मात्र हे हाड पुरणार नाही. कूर्चेच्या पेशी जिवंत हव्यात, म्हणजे तुकडा ताजा हवा, थंड जपलेला, मापाला जुळणारा, आणि काही आठवड्यांत बसवायला हवा. तो कुणाच्या तरी मृत्यूनंतर काही तासांतच काढावा लागतो. त्यासाठी मेंदूमृत्यूच व्हायला हवा असं नाही. हृदय थांबल्यावरही ऊती घेता येतात. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या. पण कायदा दाता आणून देत नाही. गुसलला आणि जनाजाला थोडा उशीर सोसणारं घर लागतं.

गेल्या महिन्यात माझ्या खालाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. काढलेलं हाड दान करायचं का, असं मी विचारलं तर ती हसली. "झिजलेलं हाड कुणाला हवंय? घेत असतील तर देऊन टाक."

मरणोत्तर दानाचा फॉर्म मी भरलाय. पण ऐनवेळी संमती घरच्यांना विचारतात, म्हणून धाकट्या भावाला सांगून ठेवलं. तो अजून हो म्हणालेला नाही.