सागर सर्वांचा, नियम कोणाचा?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मोंबासा येथे भरलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या विशेष बैठकीत एक ठराव बहुमताने संमत झाला. कुपा मासळी जमविण्यासाठी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तरंगत्या तराफ्यांवरील मासेमारी वर्षातून ७२ दिवस बंद असावी, असे त्याचे एक मागणे होते. ठरावाची शाई वाळते न वाळते तोच युरोपीय संघाने हरकत नोंदविली. इतर अनेक सभासदांनीही तोच मार्ग धरला आणि ठराव कागदावरच राहिला.

ह्यात बेकायदा असे काहीच घडले नाही, हेच आम्हांस अधिक चिंताजनक वाटते. आयोगाच्या घटनेप्रमाणे कोणत्याही सभासदास १२० दिवसांच्या आत हरकत घेता येते. मग तो ठराव त्यास बंधनकारक राहत नाही. एक तृतीयांशाहून अधिक सभासदांनी हरकत घेतली, तर इतरही मोकळे होतात. ज्यास गृहपाठ नको असेल त्याने तसे लिहून द्यावे, असा नियम एखाद्या मुख्याध्यापकाने केला, तर वह्या किती जमतील हे सांगावयास नको.

हे तराफे साधे नव्हेत. मासे तरंगत्या ओंडक्याखाली गोळा होतात, हे किनाऱ्यावरील कोळ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आज त्या ओंडक्यास उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविलेले असते आणि खाली मासळी किती जमली ते दूरच्या जहाजावर बसून कळते. मग पर्ससीन जाळे घेरले जाते. त्यात स्किपजॅकबरोबर पिवळ्या पराच्या कुप्याची पिल्लेही सापडतात. एकदाही अंडी न घातलेली. ह्याच महासागरात मिनिकॉयचा कोळी जिवंत आमिष पाण्यात फेकून काठी आणि गळ ह्यांनी एकेक मासा वर ओढतो. दोघांचा मासा एकच, पण हिशेब निराळा.

पिवळ्या पराच्या कुप्याचा साठा अतिमासेमारीने खालावला आहे, असा निष्कर्ष आयोगाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली काढला होता. २०२४ च्या फेरमूल्यमापनात तो सावरल्याचे अनुमान निघाले. त्यावरून निर्बंधांची गरज सरली असे कोणी म्हणेल, तर ताप उतरताच औषध फेकून देण्यासारखे ते होईल. २०२४ मध्ये बँकॉकच्या बैठकीत प्रत्येक जहाजामागील तराफ्यांची संख्या टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले, ते स्वागतार्ह आहे. बंदीचे दिवस मात्र त्यातून गळाले.

युरोपकडे बोट दाखविताना आपल्या हाताकडेही पाहिले पाहिजे. पिवळ्या पराच्या कुप्याविषयीच्या २०२१ च्या ठरावास भारतानेही हरकत घेतली होती. आपल्या लहान मच्छीमारांवर दूरदेशीच्या मोठ्या ताफ्यांच्या पापाचा भार का पडावा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर हरकतीच्या त्याच दारातून बाहेर पडून मिळणार नाही.

दक्षिण पॅसिफिकच्या मत्स्य संघटनेत हरकत घेणाऱ्यास कारण द्यावे लागते, तितकाच परिणामकारक पर्यायी उपाय स्वतःवर लादून घ्यावा लागतो आणि तो तपासणी समितीपुढे ठेवावा लागतो. असाच नियम हिंदी महासागरातही व्हावा, ही मागणी भारताने आयोगापुढे मांडावी. आणि ती मांडण्यापूर्वी आपल्या जुन्या हरकतीची कारणे लक्षद्वीपच्या कोळ्यांसमोर ठेवावीत.