खेळण्यांतील शिसे आणि रक्तक्षयी बालक

केंद्र सरकारच्या खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. बालरोगतज्ज्ञांनी त्याचे स्वागत करावे. मात्र हे चिन्ह नेमकी कशाची हमी देते, हेही जाणून घ्यावे. आयएस ९८७३ या मानकाच्या तिसऱ्या भागातील चाचणीत रंगाचा वा प्लॅस्टिकचा नमुना जठररसाशी साधर्म्य असलेल्या सौम्य आम्लात ३७ अंश सेल्सिअसला दोन तास ठेवून त्यात आठ मूलद्रव्ये किती उतरतात ते मोजतात, आणि शिशासाठी ही मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच खेळण्यात एकूण शिसे किती, हा प्रश्न ही चाचणी विचारतच नाही.

शिवाय हा आदेश उत्पादन, आयात आणि विक्री यांपुरता आहे. थोरल्या भावंडाकडून आलेली, रंगाचे पोपडे सुटलेली मोटार किंवा बालवाडीतील जुनी व्हिनाइलची बाहुली त्याच्या कक्षेबाहेर राहते; आणि व्हिनाइल मऊ करणारी थॅलेट गटातील रसायने प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने चोखताना लाळेत उतरू शकतात. नोंदणीकृत हस्तकारागिरांना दिलेली सूट हेतूने रास्तच आहे, परंतु शिशाला कारागीर आणि कारखाना यांतला भेद कळत नाही.

भारतातील बालरोगतज्ज्ञांपुढे मात्र याहून गंभीर बाब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. पोटात गेलेल्या शिशाचे शोषण मुलांमध्ये प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि लोहाची कमतरता असल्यास ते आणखी वाढते. त्यातच अशा मुलांना माती, रंगाचे पापुद्रे यांसारखे अखाद्य पदार्थ खाण्याची सवय, म्हणजे पायका, जडण्याचा संभव असतो. पुढे हेच शिसे हिमोग्लोबिनची घडण रोखते, त्यामुळे ज्याला रक्तक्षयाचे साधे प्रकरण समजले जाते, तेथे कारण आणि परिणाम परस्परांत मिसळलेले असू शकतात.

रक्तातील शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्यास स्रोत शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे मुलांसाठी मुख्यतः ४५ मायक्रोग्रॅम व त्यापुढील प्रमाणालाच सुचवली जातात, म्हणून त्याखालच्या बहुसंख्य मुलांसाठी स्रोत दूर करणे हाच प्रमुख उपचार ठरतो. काजळ-सुरमा आणि भेसळीची हळद यांबद्दल काही दवाखान्यांत विचारणा होते, खेळण्यांबद्दल क्वचितच. लोहाची पुरेशी मात्रा नियमित देऊनही ज्याचे हिमोग्लोबिन वाढत नाही, त्या बालकाच्या पालकांना मूल तोंडात घालत असलेली खेळणी पुढच्या भेटीला सोबत आणण्यास सांगावे, आणि रक्तातील शिशाची तपासणी लिहून द्यावी.