लपवता येते म्हणून खपते

निपाणी-बेळगाव भागातल्या आपल्या घरांना तंबाखूची ओळख नव्याने करून द्यायला नको. वखारीतला खकाणा ज्यांच्या आज्यांच्या छातीत बसला, १९८१ च्या आंदोलनात ज्यांच्या घरची माणसे महामार्गावर जाऊन बसली, त्यांना तंबाखूचा पैसा आणि तंबाखूचा खोकला दोन्ही ठाऊक आहेत. पण नातवाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू सापडते आणि ती काय आहे हेच आजोबांना कळत नाही, अशी वेळ आता आली आहे.

ही ई-सिगारेट. आत लहानशी बॅटरी, तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला द्रव. राख नाही, धूर नाही, निघते ती वाफ.

हिच्यात ग्राहक नेमके काय पाहतो? मुळात ग्राहक दोन आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानेच आपल्याकडची चर्चा भरकटते. पहिला, पंचवीस वर्षे सिगारेट ओढलेला. त्याला घशात तोच ठसका हवा, तलफ भागेल इतके निकोटिन हवे आणि ते हळूहळू कमी करण्याची सोय हवी. सिगारेट सोडवण्यासाठी ब्रिटनच्या सरकारने २०२३ साली अशा लोकांना ही यंत्रे देण्याची योजनाच काढली. निकोटिनच्या पट्ट्या-गोळ्यांपेक्षा हिने सिगारेट सुटण्याची शक्यता अधिक, असे अभ्यासही सांगतात. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरा ग्राहक सतरा वर्षांचा. त्याने सिगारेट कधी ओढलेलीच नसते. त्याला आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद हवा, कपड्यांना वास नको, यंत्र मुठीत मावले पाहिजे आणि घसा जळता कामा नये. ही शेवटची अडचण निकोटिनच्या क्षारांनी दूर केली. अमेरिकेत २०१५ साली आलेले ‘जूल’ याच गुणांवर खपले. त्याच्या एका कुपीत सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असे कंपनीच सांगत असे! २०२० मध्ये तिथे कुप्यांतल्या फळांच्या स्वादांवर निर्बंध आले, तर पोरे वापरून फेकायच्या यंत्रांकडे वळली. स्वाद जिकडे, गिऱ्हाईक तिकडे.

कर्नाटकाने २०१६ साली आणि केंद्राने २०१९ साली बंदी घातली. विक्री, आयात, साठा, जाहिरात, सारेच गुन्हा. विक्री, आयात किंवा जाहिरातीसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीला आमचा विरोध नाही. पण चोरून येणाऱ्या मालात काय आणि किती आहे, हे सांगायला कोणी बांधील नाही, आणि सतराच्या पोराला ते विचारायचेही नसते. विचारणारा होता तो पहिला ग्राहक. त्याला पानपट्टीवर विडी-सिगारेट मात्र राजरोस मिळते. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाचे भाग आहेत. मग सरकारची कळकळ कितपत खरी धरायची?

आमची मागणी साधी आहे. कॉलेजांभोवतीच्या टपऱ्यांची तपासणी पोलिसांनी वर्षभर करावी, आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सल्ला व औषध मिळावे. घरच्यांनी एवढेच पाहावे: खोलीत फळाचा गोड वास आहे आणि फळ कुठेच नाही, तर दरडावण्याआधी शेजारी बसून विचारावे.