उसनी प्रतिकारशक्ती

गेल्या आठवड्यात कासू स्टेशनवर रोह्याकडच्या गाडीची वाट पाहत असता शेजारच्या एका माउलीने आम्हाला गाठले. तिचा मुलगा काजूच्या हंगामात कामासाठी दोडामार्गला निघाला होता. ती म्हणाली, "भाऊ, तिकडे गोचीड चावून माकडताप होतो म्हणतात. चावली की लगेच घ्यायचे एखादे तयार इंजेक्शन मिळते का? पैशांचे बघू कुठूनतरी."

हे 'कुठूनतरी' म्हणजे व्याजाने, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न सर्वांसमोर मांडतो.

इंजेक्शने दोन प्रकारची असतात. लस टोचली की आपले शरीर रोगाशी लढणारी प्रतिपिंडे स्वतः तयार करते. त्याला वेळ लागतो, पण ती पुष्कळ दिवस टिकतात. दुसऱ्या प्रकारात माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडे असतात. ती लगेच कामाला लागतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपतात. लस ही स्वतःची बचत, तर ही उसनवारी. सर्पदंशावर देतात ते इंजेक्शन या दुसऱ्या प्रकारचे.

माकडताप 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग ठणकणे आणि काहींना रक्तस्राव अशी त्याची लक्षणे आहेत. काहींचा ताप उतरून पुन्हा चढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. या तापावर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन नाही. कर्नाटकात 1990 पासून दिली जाणारी लसही पुरेशी प्रभावी न ठरल्याने पुढे बंद झाली.

युरोपात गोचिडीमुळेच होणारा मेंदूज्वर आहे. त्याचा विषाणू माकडतापाच्या विषाणूचा भाऊबंदच. तेथे गोचीड चावल्यावर तयार प्रतिपिंडे टोचण्याची पद्धत होती. पण ती घेऊनही काही मुलांचा आजार गंभीर झाल्याचे 1990च्या दशकात डॉक्टरांनी नोंदवले. प्रतिपिंडांनीच आजार बळावला, हे सिद्ध झाले नाही. पण फायद्याचाही भक्कम पुरावा नव्हता. आधी मुलांना आणि पुढे सर्वांनाच ते देणे पश्चिम युरोपात थांबले. रशियात मात्र अजून वापरतात. तेव्हा उसनवारी प्रत्येक वेळी तारतेच असे नाही.

म्हणून मुलाला पाठवताना इंजेक्शनाऐवजी या गोष्टी बांधून द्या. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू नये. परतल्यावर गरम पाणी व साबणाने अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला कळवावे. ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपण जंगलात होतो हे सांगावे.

आता आपल्या दारातले. पिसाळलेला कुत्रा चावला तर रेबीजही मेंदूवरच जातो आणि लक्षणे दिसल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य. येथे मात्र उसनी प्रतिपिंडे जीव वाचवतात. लसीचा परिणाम सुरू व्हायला आठवडाभर लागतो. तेवढा काळ जखमेत व जखमेभोवती टोचलेली प्रतिपिंडे विषाणूला तेथेच अडवतात. म्हणून जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवा. हळद-चुना भरू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि "जखमेतले इंजेक्शनही लागेल का?" असे स्पष्ट विचारा. तेथे नसेल तर कोठे मिळेल ते लिहून घ्या आणि त्याच दिवशी निघा. पहिल्या लसीपासून सात दिवसांनंतर त्याचा उपयोग नाही.

आपली माणसे दवाखान्यात प्रश्न विचारायला बिचकतात. कागद पुढे करतात आणि सांगतील तेवढे घेऊन परततात. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

त्या माउलीला आम्ही इतकेच सांगितले, "ताई, व्याजाने पैसे काढू नका. पोराला दोन पूर्ण बाह्यांचे सदरे आणि साबणाची वडी द्या." गाडी आली तेव्हा ती पिशवीतली साबणाची वडी चाचपून पाहत होती.