अपुऱ्या दिवसांचे देणे

अर्भकमृत्यूचे प्रमाण घटले की राज्यकर्ते स्वतःची पाठ थोपटून घेतात. ती घट खरी आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला जमेबरोबर देणेही पाहण्याची खोड असते. वाचलेल्या मुलाचे पुढे काय होते, याचा हिशेब कोण ठेवतो?

सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातील, म्हणजे कोणत्याही देशाहून अधिक.

मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांची घडण गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरी होते. ती अपुरी राहिली की पुढे रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. अशा तरुणांच्या हृदयाच्या रचनेतही फरक असल्याचे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखविले. स्वीडनमधील वीस लाखांहून अधिक जन्मनोंदींच्या अभ्यासात तिशीनंतरच्या हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट आढळला. त्या वयात हा विकार मुळातच विरळ असतो. तेव्हा आईबापांनी धास्ती घेऊ नये. सावधगिरी मात्र हवी.

स्वीडनला हे कळले, कारण तेथे प्रत्येक जन्माचे आठवडे नोंदले गेले. आपल्याकडे उसाच्या फडावरच्या कोपीत जन्मलेला मुलगा पस्तिशीत रक्तदाबाने दवाखान्यात जातो, तेव्हा आपण कितव्या महिन्यात जन्मलो हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला ते कोणी विचारीतही नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कोयता चालविणाऱ्या गर्भवतीच्या वाट्याला त्यातले काय आले? तिने एक दिवस खाडा केला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ती दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते. रक्तक्षय, उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग आणि अतिश्रम यांनी अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. आईबापांची उचल अशा रीतीने मुलाच्या अंगावर चढते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक जन्मदाखल्यासोबत गर्भाच्या आठवड्यांची नोंद द्यावी. शाळांतील आरोग्यतपासणीत अशा मुलांचा रक्तदाब दरवर्षी मोजावा. आणि असंघटित गर्भवतीला मजुरीसह विश्रांती मिळावी. पहिल्या दोन मागण्यांना खर्च थोडा आहे. तिसरीला पैसा लागेल आणि संघर्षही करावा लागेल; परंतु तिच्यावाचून पहिल्या दोन केवळ कागदच ठरतील.