आठ जाती आणि पन्नासांवर नावे

संपादक महाशय,



मागूर माशाच्या आतड्यात पट्टकृमीची आणखी एक ‘नवी जाती’ सापडल्याचे वृत्त आपण गेल्या रविवारी छायाचित्रासह ठळकपणे छापले. परंतु तिचा नमुना कोणत्या संग्रहालयात जमा झाला, त्याचा नोंदणी क्रमांक कोणता, याविषयी त्यात चकार शब्द नसावा, याचे मला अत्यंत वैषम्य वाटले.

याच मागुरातील अखंड शरीराच्या पट्टकृमींची ताजे नमुने गोळा करून 2011 साली फेरतपासणी झाली, तेव्हा ग्राह्य ठरल्या अवघ्या आठ जाती, आणि पन्नासांहून अधिक नावे रद्दबातल झाली. पन्नासांहून अधिक! आपल्याच अभ्यासकांनी दिलेली नावे इतक्या मोठ्या संख्येने बाद व्हावीत, ही नामुष्की नव्हे तर काय? बाजारातून आणलेल्या, मरून बराच वेळ लोटलेल्या माशातील सडू लागलेला कृमी दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून सपाट करावयाचा, त्या दाबाने अंडाशय पसरला व शीर्ष रुंदावले म्हणजे त्या विकृतीचीच मापे घ्यावयाची, आणि त्यांच्या आधारे नवे नाव मुक्रर करावयाचे, ही रीत शास्त्राची नव्हे. जिवंत कृमी मिठाच्या पाण्यात धुऊन गरम फॉर्मॅलिनमध्ये घालणे, त्याचे पातळ छेद तपासणे, जनुकीय परीक्षेसाठी एक तुकडा अल्कोहोलात राखून ठेवणे, यांस लागते ती मुख्यतः सबुरी. जुनी सारीच नावे बाद झाली असे नव्हे: प्राणिशास्त्रज्ञ मोघे यांनी 1925 साली याच माशातून वर्णिलेली जाती, मागाहून प्रजाती बदलून का होईना, लायटोसेस्टस इंडिकस या नावाने त्या आठांत आजही उभी आहे.

नव्या जातीचा आधारभूत नमुना निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवला जाईल, हे शोधनिबंधातच नमूद करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने 2000 पासून घातले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र पुण्यात असताना नमुने महाविद्यालयाच्या कपाटात वाळून जावेत, याला कोणती सबब चालेल? परंतु पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधांची केवळ संख्या मोजणारी आपली विद्यापीठीय दप्तरेही या अनर्थास तितकीच जबाबदार आहेत. तिथे नमुन्याचा दाखला कोणी मागतच नाही.

तरी यापुढे असे वृत्त हाती आल्यास संशोधकाकडे नमुन्याचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो मिळेपर्यंत वृत्त छापू नये, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सोलापूर