हाड जनतेचे, विज्ञान जनतेचे. किंमत मात्र बाजाराची!

देवगड तालुक्यातील मिठबाव आणि परिसरात हापूसच्या हंगामात झाडावरून पडून हाड मोडणे ही नवलाची गोष्ट नाही. हाडाचा चुरा होऊन पोकळी उरली, तर ती भरून काढावी लागते. त्यासाठी एक तर रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढायचा, म्हणजे त्याला दुसरी जखम करायची. नाही तर बाजारातून कृत्रिम भराव विकत आणायचा. या भरावाच्या शास्त्राकडे समाजवादी कार्यकर्त्याने अर्थकारणाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

हे शास्त्र गूढ नाही. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते. त्याचे रेणू साखळीने जोडले की शरीरात विरघळणारे पॉलिमर तयार होते. ते द्रावकात विरघळवून त्यात मिठाचे बारीक कण मिसळतात. द्रावक उडून गेल्यावर तो गोळा पाण्यात ठेवतात. मीठ निघून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. दुसऱ्या पद्धतीत कर्बवायू मोठ्या दाबाखाली पॉलिमरमध्ये मुरवतात आणि दाब एकदम सोडतात. तव्यावरच्या आंबोळीला पडावी तशी त्याला जाळी पडते. या जाळीत हाडाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात. नवे हाड भरत जाते आणि पॉलिमर हळूहळू विरून जाते. भार पेलणाऱ्या हाडाला आजही धातूचा आधार लागतो, हे खरे. पण पोकळी भरण्यापुरते हे साधन मोलाचे आहे.

म्हणजे मूळ द्रव्ये कोणती? साखर आणि मीठ! शुद्धता, निर्जंतुकीकरण आणि चाचण्या यांना खर्च येतो, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तो किती येतो, हे जनतेपुढे कोण मांडतो?

आपल्याकडे या संशोधनाचा पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला आहे. १९५० साली पुण्यात उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून असेच सच्छिद्र, विरघळणारे पदार्थ बनवण्याचे काम झाले आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी निघाली. संशोधकांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. प्रश्न व्यक्तींचा नाही, व्यवस्थेचा आहे: ज्या ज्ञानाचा खर्च करदात्याने सोसला, त्याच्या फळाची किंमत ठरवताना त्या करदात्याला स्थान का नसावे?

बाजार ती न्यायाने ठरवील, हा भ्रम आहे. येथे वस्तू निवडतो डॉक्टर, पैसे भरतो रुग्ण आणि नफा वाटून घेतात मधले लोक. हृदयाच्या स्टेंटचे उदाहरण ताजेच आहे. औषध सोडणारा जो स्टेंट लाखाहून अधिक किमतीला विकला जात होता, त्याची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरवण्यात आली. विरघळणाऱ्या स्टेंटलाही तीच मर्यादा लागू झाली. हा चमत्कार बाजाराने केला नाही. शासनाला तो करणे भाग पडले. हाडाच्या भरावाला मात्र अशी मर्यादा नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, एवढेच बंधन आहे; मूळ किंमत विक्रेत्याच्या मर्जीची!

यावर सांगितले जाते की, किंमत बांधली तर नवे संशोधन थांबेल. मग त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेने हृदयाची झडप कशी घडवली? १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडपेहून कितीतरी स्वस्त असूनही ती पुढे लाखभर भारतीयांच्या छातीत धडधडू लागली. संशोधन सार्वजनिक ध्येयाने झाले की नफ्याची हाव अपरिहार्य ठरत नाही.

२०१८ साली गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्ग संतापून उठला. तो संताप केवळ केसपेपरापुरता राहू नये. सरकारी प्रयोगशाळेतील तंत्र खासगी कंपनीला देताना किमतीची अट करारातच घाला. हाडाच्या भरावाला कमाल किंमत लावा. हाफकिनसारख्या राज्याच्या उद्योगाला हे उत्पादन हाती घेऊ द्या. आणि ओरोसच्या शासकीय रुग्णालयात ते मोफत मिळू द्या. या चार मागण्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत नेल्या पाहिजेत. विज्ञान मोडलेले हाड सांधू शकते. ते गरिबाचे सांधायचे की केवळ श्रीमंताचे, हा निर्णय राजकारणाचा आहे, आणि तो आपणच लढून घ्यावा लागेल.